गाडीच्या ट्रिमवर कार्बन फायबर रॅप: काय असतो, कुठे लावावा आणि कुठे अजिबात लावू नये?

गाडीच्या आतल्या चकचकीत काळ्या पट्टीवर वर्षभरात ओरखडे पडतात, आरशाचं कव्हर कुठेतरी घासलं जातं. पार्ट बदलायचा तर खर्च मोठा. मग आठवतो रेडियमवाला. त्याच्याकडे विणलेल्या कापडासारखी दिसणारी काळी फिल्म असते. तीच ‘कार्बन फायबर रॅप’. पण ती नेमकी काय असते? सातारा-सांगलीच्या उन्हा-पावसात टिकते का? आणि आरटीओची अडचण येते का?

हे खरं कार्बन फायबर असतं का?

नाही. खरं कार्बन फायबर म्हणजे कार्बनच्या केसाहून बारीक तंतूंचं कापड रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेला हलका, मजबूत भाग. फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लॅरेनने १९८१ साली एमपी४/१ या गाडीचा मुख्य सांगाडा त्यापासून बनवला आणि पुढे हा विणीचा नमुना वेगाची खूण बनला. रॅप म्हणजे त्या विणीचं रूप दिलेली पीव्हीसीची चिकट फिल्म. तिने गाडी हलकीही होत नाही आणि मजबूतही होत नाही. ‘३डी’, ‘४डी’, ‘५डी’, ‘६डी’ ही दुकानातली नावं दिसण्याबद्दलची आहेत. त्यावरून फिल्म किती टिकेल हे कळत नाही.

मग दर्जा कशावरून ठरतो?

फिल्म कशी बनली यावरून. ‘कॅलेंडर्ड’ फिल्म रोलरमध्ये दाबून, ताणून बनते. ती स्वस्त असते, पण ऊन लागलं की आकसू पाहते आणि कडा सुटतात. ‘कास्ट’ फिल्म द्रवरूपात पसरवून सुकवलेली असते. ती महाग, पण वळणावर नीट बसते आणि कमी आकसते. सपाट पट्टीला कॅलेंडर्ड चालून जाते, पण आरशासारख्या गोलाईसाठी कास्टच मागा.

कुठे चांगली बसते?

- गिअरभोवतीचं गुळगुळीत पॅनेल, पॉवर विंडोच्या बटणांची पट्टी
- आरशाचं रंगवलेलं कव्हर
- दोन दारांमधली बाहेरची उभी पट्टी, स्पॉयलर

बंपरच्या खालचं न रंगवलेलं खरखरीत काळं प्लॅस्टिक मात्र टाळा. तिथे फिल्म फक्त उंचवट्यांना चिकटते. शिवाय हे प्लॅस्टिक बहुतेकदा पॉलीप्रॉपिलीनचं असतं आणि त्यावर गोंद नीट धरत नाही. रंग आधीच सुटत असेल तिथेही लावू नका. फिल्म काढताना रंग तिच्याबरोबर निघेल.

कुठे अजिबात लावू नये?

जिथे ‘एसआरएस एअरबॅग’ असं लिहिलेलं आहे तिथे. पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग भारतात नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. ती डॅशबोर्डच्या आत असते आणि वरचं झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटेल असं बनवलेलं असतं. अनेक गाड्यांत ही रेषा वरून दिसतही नाही. धडकेनंतर एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत उघडते. त्या रेषेवर ताणून बसवलेली फिल्म असेल तर झाकण उशिरा किंवा वेडंवाकडं उघडू शकतं. स्टिअरिंगचा मधला भाग, सीटची बाहेरची बाजू आणि कर्टन एअरबॅग असलेल्या खांबांची आतली कव्हर्स यांनाही हाच नियम. दुकानदार ‘पूर्ण डॅशबोर्ड करून देतो’ म्हणाला, तर हे भाग वगळायला सांगा.

लावताना काय पाहावं?

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डॅशबोर्ड पॉलिश. त्यातल्या सिलिकॉनवर फिल्म चिकटत नाही. म्हणून आधी शाम्पूने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं. फिल्म हीट गनने किंचित मऊ करून मधून कडेकडे दाबत न्यायची. वळणावर आणि कडांवर शेवटी साधारण ९५ ते ११० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते, नाहीतर ताणलेली फिल्म मूळ आकाराकडे परत येते. ही पायरी गाळली की काही आठवड्यांत कडा उचलतात. विणीची दिशा सगळ्या तुकड्यांवर एकच ठेवावी. गाडीवरच ब्लेड चालवलं तर खालच्या भागावर कायमचा चरा पडतो.

आपल्या हवेत काय होतं?

कामासाठी साधारण १६ ते ३२ अंश तापमान चांगलं. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या एप्रिल-मेच्या दुपारी फिल्म नको तितकी मऊ होऊन ताणली जाते. त्यामुळे सकाळची वेळ आणि सावली निवडा. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात फटींमध्ये पाणी राहतं. गाडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा कडेवर तिरका मारू देऊ नका. तो समोरून आणि किमान फूटभर अंतरावरून असावा. मेण पॉलिश लावलं तर विणीच्या खाचांत पांढरं साचतं.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदींशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. गाडीचा रंग ही त्यातलीच एक नोंद. आरशाच्या किंवा कन्सोलच्या लहान पट्टीने गाडीचा रंग बदलत नाही. बॉनेट, छत किंवा पूर्ण गाडी झाकायची असेल तर आधी आपल्या कार्यालयात विचारा: सांगली (एमएच-१०), सातारा (एमएच-११) किंवा कराड (एमएच-५०). दिवे आणि नंबर प्लेटवर फिल्म नकोच.

थोडक्यात

दुकानात तीन गोष्टी विचारा: फिल्म कास्ट आहे का, कडांना शेवटची उष्णता देणार का आणि एअरबॅगचा भाग वगळणार का. तिसऱ्या प्रश्नाला ‘काही होत नाही हो’ असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान गाठा.