दिनविशेष : १७ जानेवारी
ज्यूल्स फायफर यांचा स्मृतिदिन

अमेरिकी व्यंगचित्रकार ज्यूल्स फायफर २०२५ मध्ये आजच्या दिवशी, वयाच्या ९५व्या वर्षी गेले. २६ जानेवारी १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मलेला हा मुलगा विशीच्या आतच चित्रकथाकार विल आयस्नर यांच्या हाताखाली ही कला शिकला. पुढे सैन्यात सक्तीची भरती झाली. त्या अनुभवातून ‘मन्रो’ सुचला : चुकून फौजेत भरती झालेला चार वर्षांचा पोरगा! त्यावरच्या लघुपटाला १९६१ मध्ये ऑस्कर मिळालं.

त्यांचं खरं घर म्हणजे ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिक. १९५६ पासून चार दशकं तिथे त्यांची चित्रमालिका चालली. सुरुवातीची काही वर्षं तर बिनमोबदला. चौकट नाही, पार्श्वभूमी नाही. एकच माणूस, जवळपास त्याच पवित्र्यात, पुनःपुन्हा काढलेला. तो बोलत राहतो आणि बोलता बोलता स्वतःचाच खोटेपणा उघडा पाडतो. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, निक्सन यांनाही या रेषेने सोडलं नाही. पुढाऱ्याचं नाक मोठं करण्यापेक्षा त्याची भाषा पकडणं कितीतरी अवघड. फायफरांना ते साधलं होतं. १९८६ मध्ये पुलित्झर मिळालं.

नाटकं, पटकथा, बालपुस्तकंही त्यांनी लिहिली. पण थक्क करते ती उतारवयातली उमेद. २०१४ मध्ये, ८५व्या वर्षी, ‘किल माय मदर’ ही रहस्यमय चित्रकादंबरी आली. तिचे आणखी दोन भाग निघाले. शेवटची चित्रकादंबरी, ‘अमेझिंग ग्रेप्स’, त्यांनी मुलांसाठी काढली. ती २०२४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी प्रसिद्ध झाली.