हार्लेकच्या वाळूतले लाइटनिंग

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावरचे हार्लेक हे गाव तिथल्या तेराव्या शतकातल्या किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या जवळच्या पुळणीत, सुमारे दोन मीटर वाळूखाली, लॉकहीड कंपनीचे पी-३८ लाइटनिंग हे अमेरिकी लढाऊ विमान १९४२ पासून रुतून आहे. दोन इंजिने, मागे गेलेल्या दोन लांब दांड्या, मधोमध वैमानिकाची जागा आणि नाकात तोफेसह चार मशीनगन, अशी त्याची आगळी घडण होती.

१९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या १४व्या फायटर ग्रुपने आपली लाइटनिंग विमाने ग्रीनलंड-आइसलंडमार्गे उडवतच ब्रिटनमध्ये आणली. पुढचे रणांगण उत्तर आफ्रिकेचे होते. त्याआधी नेमबाजीचा हात बसावा म्हणून वेल्समधल्या लानबेदर तळावर सराव चाले. २७ सप्टेंबरला असाच सराव करताना सेकंड लेफ्टनंट रॉबर्ट इलियट याच्या विमानाचा इंधनपुरवठा बिघडला. त्याने ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पोटावर उतरवले. एका पंखाचे टोक तुटले, पण चोवीस वर्षांचा इलियट सुखरूप बाहेर पडला. इतक्या अवघड यंत्राला असे खाली आणणे हे कसबाचेच काम होते.

विमानातल्या बंदुका काढून नेल्या गेल्या. सांगाडा तिथेच राहिला आणि हळूहळू वाळूने तो झाकून टाकला. युद्धकाळात बातम्यांवर सेन्सॉर होता, त्यामुळे अपघाताचा फारसा गवगवाही झाला नाही.

२००७ मध्ये वाळू सरकली आणि समुद्रशेवाळाने माखलेले विमान फिरायला आलेल्या एका कुटुंबाला दिसले. ‘मेड ऑफ हार्लेक’, म्हणजे हार्लेकची कन्या, हे नाव त्याला तेव्हापासून मिळाले. २०१४ मध्ये ते पुन्हा काही काळ उघडे पडले. सुमारे १०,००० लाइटनिंग बनली आणि त्यातली बहुतेक युद्धानंतर भंगारात गेली. त्यामुळे हा जवळजवळ अखंड सांगाडा फार मोलाचा ठरतो. खाऱ्या पाण्यात मुरलेले ॲल्युमिनियम हवेवर आणले की झपाट्याने झिजते. तेव्हा घाईने उपसून काढण्यापेक्षा त्याला वाळूखालीच राहू देणे शहाणपणाचे आहे.

२०१९ मध्ये वेल्सच्या कॅडू या वारसा संस्थेने या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. ऐतिहासिक आणि पुरातत्त्वीय महत्त्वासाठी असा दर्जा मिळालेली ही ब्रिटनमधली लष्करी विमान-अपघाताची पहिलीच जागा. इलियट मात्र त्या अपघातानंतर काही महिन्यांतच ट्युनिशियाच्या मोहिमेत बेपत्ता झाला.