मिसर देशी गेलेली आपली माणसे

आटपाडीच्या माणसाला परमुलूख नवा नाही. माणगंगेचे पात्र बरेच महिने कोरडे, पावसाचा भरवसा नाही. म्हणून आपल्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातील घराघरांतून माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी दूरदूरच्या प्रांतांत पांगली. घर सोडणे ही आपल्याकडे बातमी होत नाही. सोडून जाताना माणसाने सोबत काय नेले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न मनात धरून मिसर, म्हणजे इजिप्त, आणि त्याच्या पश्चिमेकडील लिबिया या देशांत गेलेल्या काही माणसांची हकीकत येथे सांगत आहे.

मिसर म्हटले की आपल्या समाजात अल्-अझहरचे नाव निघते. आणि अल्-अझहर म्हटले की मौलाना आझाद तेथे शिकले, हे वाक्य हमखास येते. भाषणांतून आणि स्मरणिकांतून आपण ते वाचत आलो. ते खरे नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात मौलानांनी स्वतःच ते खोडून काढले आहे. त्यांचे शिक्षण कलकत्त्यास घरीच झाले. १९०८ साली ते इराक, मिसर, सिरिया आणि तुर्कस्तान या देशांत फिरले, तेव्हा अल्-अझहर त्यांनी पाहिले, आणि तेथील त्या वेळची शिकविण्याची पद्धत त्यांना पसंत पडली नाही. मोठ्या माणसाला मोठे करण्यासाठी खोट्या पदवीची गरज नसते, एवढे आपण लक्षात ठेवले तरी पुरे.

आता ज्यांच्याविषयी मुद्दाम लिहावयाचे ते गृहस्थ महाराष्ट्रातलेच. आसफ अली असगर फैझी यांचा जन्म १८९९ साली माथेरानला झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि पुढे केंब्रिजला त्यांचे शिक्षण झाले. बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली केली आणि १९३८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल होते. मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली निघाला; कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो अजूनही वाचावा लागतो. त्याच १९४९ साली भारत सरकारने त्यांना इजिप्तमध्ये राजदूत म्हणून पाठविले.

राजदूत म्हणून त्यांनी काय केले ते दप्तरात असेल. आपल्याला रस आहे तो त्यांनी कैरोला नेलेल्या एका पुस्तकात. त्यासाठी हजार वर्षे मागे जावे लागेल. दहाव्या शतकात ट्युनिशियाच्या भागात फातिमी खलिफांचे राज्य होते. त्यांच्या पदरी काझी नोमान नावाचे विद्वान न्यायाधीश होते. खलिफा मुइज्ज यांच्या आज्ञेने त्यांनी ‘दआइमुल इस्लाम’ हा कायद्याचा ग्रंथ रचला : पहिल्या भागात इबादत, म्हणजे नमाज, रोजा, जकात, हज इत्यादी, दुसऱ्या भागात व्यवहार, म्हणजे खरेदी-विक्री, निकाह, वसीयत, वारसा. पुढे फातिमींनी मिसर जिंकले आणि ९६९ साली कैरो शहर वसविले. काझी नोमान खलिफाबरोबर तेथे आले आणि ९७४ साली तेथेच वारले. अल्-अझहर मशीदही त्याच फातिमींनी बांधली. ११७१ साली त्यांचे राज्य बुडाले, ग्रंथालये उधळली गेली, आणि ज्या भूमीत हा ग्रंथ लिहिला व वाचला गेला तेथून तो जवळजवळ नाहीसा झाला.

मग तो उरला कोठे? येमेनमध्ये आणि तेथून आलेल्या परंपरेत गुजरात-मुंबईकडील बोहरा घराण्यांत. पिढ्यान् पिढ्या हाताने नक्कल करून, कापडात बांधून, पेटीत ठेवून त्यांनी तो जपला. ज्यांनी नक्कल केली त्यांतील पुष्कळांना आपण काय वाचवीत आहोत याची कल्पनाही नसेल. फैझीसाहेब सुलेमानी बोहरा घराण्यातले. घरात कायदा आणि हातात अरबी भाषा, अशी दुहेरी शिदोरी त्यांच्यापाशी होती. या ग्रंथातील वसीयतीचे प्रकरण त्यांनी १९३३ सालीच संपादून इंग्रजीसह प्रसिद्ध केले होते. अनेक हस्तलिखिते ताडून पाहून त्यांनी मूळ अरबी ग्रंथ सिद्ध केला आणि १९५१ साली त्याचा पहिला भाग कैरोच्याच छापखान्यातून बाहेर पडला. दुसऱ्या भागाला १९६० साल उजाडले. उत्तर आफ्रिकेत जन्मलेला ग्रंथ आपल्या इकडच्या पेट्यांतून निघून, माथेरानला जन्मलेल्या माणसाच्या हातून, हजार वर्षांनी कैरोत परत गेला. मिसरला जाऊन इल्म आणणारे आपण ऐकले आहेत. मिसरला इल्म परत करणारा हा आपला माणूस.

फैझीसाहेबांनी आपल्या संग्रहातील हस्तलिखिते १९५७ साली मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९८१ साली ते वारले. ‘दआइम’चे इंग्रजी भाषांतर त्यांच्या हयातीत पुरे छापून झाले नाही, इस्माईल पूनावाला यांनी ते सुधारून २००२ आणि २००४ साली दोन भागांत प्रसिद्ध केले. आपल्या घरच्या माळ्यावर आजोबांचे जुने उर्दू, फारसी वा मोडी कागद असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते कोणा जाणत्याला दाखवावेत, असे मी सुचवीन.

कैरोच्या त्याच राजदूतपदावर पुढे जे बसले त्यांचा तर थेट आपल्याशी संबंध. आपला आटपाडी भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर झालेले. १९३९ साली राजांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्या प्रयोगात महात्मा गांधींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन यांचे साहाय्य होते, आणि अप्पासाहेब त्यात अगदी पुढे होते. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत त्याच काळातली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही आपल्याच तालुक्यातले.

हेच अप्पासाहेब १९६६ ते १९६९ पर्यंत कैरोत राजदूत होते. म्हणजे जून १९६७ चे युद्ध त्यांनी तेथे राहून पाहिले. सहा दिवसांत इजिप्तचा सिनाई गेला आणि सुएझ कालवा बंद पडला तो जून १९७५ पर्यंत. मुंबईहून युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि त्याची झळ आपल्या बंदरांना व मालाच्या दरांना लागली.

शिकून गेलेल्यांची ही गोष्ट झाली. शिपाई म्हणून गेलेलेही होते. दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण लिबियातील टोब्रुक येथे होती. २० जून १९४२ रोजी जर्मन फौजेचा मुख्य हल्ला तिच्याच बाजूने आला, आणि दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले. हजारो हिंदी जवान कैदी होऊन इटलीच्या छावण्यांत गेले. आपल्याकडच्या गावांत अशी पत्रे न आलेली घरे होती. त्यांच्या हकीकती लिहून घेण्याची वेळ आता जवळजवळ टळली आहे.

आणि मजूर, कारागीर, तंत्रज्ञ. १९७० नंतर लिबियात तेलाचा पैसा आला, तेव्हा भारतीय कंपन्यांना तेथे कामे मिळाली. त्रिपोलीतील मोठे वीजकेंद्र ‘भेल’ने उभारले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर वेल्डर, फिटर, परिचारिका, शिक्षक असे कितीतरी लोक गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये तेथे उठाव झाला तेव्हा सुमारे अठरा हजार भारतीय लिबियात होते. त्रिपोलीहून विमाने, बेनगाझीहून अलेक्झांड्रियापर्यंत बोट, अशा मार्गांनी सरकारने पंधरा हजारांहून अधिक लोकांना परत आणले. ज्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते आणि ज्यांना हातातला अरबी करार वाचता येत नव्हता, त्यांचे हाल अधिक झाले हे सांगावयास नको.

पालकहो, शेवटी एक कोरडी पण उपयोगाची गोष्ट. परदेशी नोकरीला जाणाऱ्या आणि दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ई.सी.आर.’ अशी नोंद होते. ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी त्याला सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि त्या देशांच्या यादीत लिबिया आहे. दलाल सांगेल की पर्यटकाच्या व्हिसावर चला, तिकडे सगळे जमते. त्याचे ऐकू नये. ज्याच्यापाशी दहावीचे प्रमाणपत्र आहे त्याला ही नोंद लागत नाही. तरीही करारनामा मुलाने स्वतः वाचावा, अरबी येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्यावा, आणि पासपोर्टची एक छायाप्रत घरी आईजवळ ठेवून मगच निघावे.