दुनळीचं कुळ

परवान्याच्या पुस्तकात तिचं नाव डी.बी.बी.एल., म्हणजे दोन नळ्यांची, मागून भरायची बंदूक, असं असतं. घरात मात्र ती दुनळी, नाहीतर नुसती बाराबोर. बारा हा आकडा इंचांचा नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. तिचा व्यास 0.729 इंच भरतो. हे माप ठासणीच्या बंदुकांच्या काळातलं. काडतुसं आली, दारू बदलली, माप तेच राहिलं.

वसईच्या किल्ल्याला 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेनं वेढा घातला, त्या काळात आपल्याकडे तोड्याच्या बंदुकीचं राज्य होतं. पेटता तोडा दारूला टेकवायचा आणि बार व्हायची वाट पाहायची. युरोपात तोवर चकमकीची बंदूक रुळली होती. उडत्या पाखरावर नेम धरणाऱ्यांना एक बार चुकला तर दुसरा लगेच हाताशी हवा होता, म्हणून कारागिरांनी दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या. लंडनच्या जोसेफ मँटननं या जोडणीला डौल दिला. दोन नळ्यांच्या मधून जाणाऱ्या उंच पट्टीचं पेटंट त्यानं 1806 मध्ये घेतलं. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. चकमकीचा लखलखाट दिसताच पाखरं उडून जात, ही त्याची तक्रार होती. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली. फ्रान्समधल्या लफोशोनं 1830 च्या दशकात नळ्या बिजागरीवर मोडून मागून काडतूस भरायची सोय केली. आणि 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अँसन आणि डीली यांनी घोडे बाहेरून आत घेतले. नळ्या खाली मोडल्या की आतले घोडे आपोआप चढतात, अशी ती रचना. आजही जगातल्या बहुतेक साध्या दुनळ्यांच्या पोटात तीच आहे.

या नळ्या एकमेकींना समांतर नसतात. तोंडाकडे त्या किंचित जवळ येतात, म्हणजे ठरावीक अंतरावर दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडतात. उजवी सहसा मोकळी, डावी तोंडाशी आवळलेली. उजवीनं जवळचा बार, डावीनं लांबचा. हा आवळ, म्हणजे चोक, नळीच्या अगदी शेवटच्या काही इंचांत असतो. नळी कापणारा पहिल्यांदा तोच कापून टाकतो.

कायद्याचीही नजर नेमकी तिथेच आहे. 1878 च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली आणि युरोपीयांना सूट दिली. स्वतंत्र भारताचा कायदा 1959 चा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मिळणाऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी निदान 20 इंच हवी, असं त्यात लिहिलं आहे. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. वेगळा परवाना नसताना नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. नंबर किंवा खूण खोडणं हाही गुन्हाच.

मग बंदूक सजवण्याच्या हौसेला जागा उरते कुठे? लाकडात, आणि ती जागा पुष्कळ आहे. जुना दस्ता परदेशी माणसाच्या अंगलटीचा असतो. आपल्या खांद्याला तो लांब पडला तर जाणकार कारागीर तो बेतून देतो, मागे रबराची गादी बसवतो, झिजलेली चौकटनक्षी पुन्हा कोरतो. अक्रोडाच्या लाकडावर पॉलिश चढवण्यापेक्षा जवसाचं तेल हातानं मुरवलेलं मला कितीतरी अधिक शोभून दिसतं. हे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्यावं, कारण दुसऱ्याची बंदूक धंदा म्हणून दुरुस्त करायलाही परवाना लागतो.

धातूच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. वसईची खारी हवा पोलादाला सोडत नाही, म्हणून नळ्यांचा रंग पुन्हा चढवायचा मोह होतो. पण जुन्या दुनळीची मधली पट्टी मऊ डाकानं चिकटवलेली असते. आजकालच्या उकळत्या क्षारांच्या भट्टीत तो डाक खाल्ला जातो आणि नळ्या सुटतात. अशा बंदुकीला सावकाश गंज चढवून, तो घासून काळा करण्याची जुनीच पद्धत लागते. घासणारा हात जड असेल तर नळीच्या बुडाशी उमटवलेले शिक्केही पुसले जातात.

ते शिक्केच तर तिचं कुळ सांगतात. नळ्या सोडवून उलट्या केल्या की बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीघराचा मुकुट दिसतो, काडतुसाच्या घराची लांबी दिसते. जुन्या इंग्रजी बंदुकीत ती बहुधा अडीच इंच असते. आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस, उदाहरणार्थ खडकीच्या कारखान्यातलं ‘शक्तिमान’, पावणेतीन इंची. ते अडीच इंची घरात बसतंही, आणि म्हणूनच धोक्याचं: उडताना उलगडायला त्याला जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो. नळीवर लाटांसारखी वेलबुट्टी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली. ती काळ्या दारूच्या काळातली. जाणकारानं तपासल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालूच नये.

शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि 1991 च्या दुरुस्तीनं तो मिटवला, आणि ते योग्यच झालं. 2003 पासून वसईजवळ तुंगारेश्वर अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडे नोंद करायची असते. लग्नात बेपर्वाईनं बार काढला तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे दोनच बंदुका ठेवल्या, वारशानं आलेलीही त्यातच धरली, आणि परवान्याची मुदत पाच वर्षं केली.

ठाण्यातून पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर 2020 मध्ये. म्हणून आजोबांच्या परवान्यावर ठाण्याचा शिक्का असेल आणि तुमचा अर्ज आता आयुक्तालयात जाईल. धारकानं सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. 2016 च्या शस्त्र नियमांत ही सोय आहे. ती वापरा. धारक गेल्यावर बंदूक कपाटात तशीच राहिली तर ती बेकायदा ठरते. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा करण्याआधी नळीखालचे शिक्के कागदावर उतरवून घ्या आणि पावतीवरचा नंबर बंदुकीशी ताडून पाहा.