‘हाय नून’ : नायक, प्रतिनायक आणि नगर

अमेरिकन ‘वेस्टर्न’ चित्रपटाने दीर्घकाळ एक सोपे नीतिशास्त्र जोपासले. सरहद्दीवरचे एखादे गाव, कायद्याला न जुमानणारी टोळी आणि तिचा बीमोड करणारा एकाकी वीर, एवढ्या सामग्रीवर असंख्य कथा उभ्या राहिल्या. फ्रेड झिनेमन यांचा ‘हाय नून’ (१९५२) हा चित्रपट हीच सामग्री घेतो. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मुळातच निराळा आहे.

कथानक साधे आहे. मार्शल विल केन याचा त्याच सकाळी विवाह झाला असून त्याने अधिकारपदाचा त्याग केला आहे. इतक्यात वार्ता येते, की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने सूड घेण्यासाठी येत आहे. केन गाव सोडून निघतो आणि परततो. मग तो साहाय्याची याचना करीत दारोदार हिंडतो.

आपल्या साहित्यशास्त्रातील धीरोदात्त नायकाच्या लक्षणांत हा नायक पुरतेपणी बसत नाही. तो भयभीत आहे, थकलेला आहे. बाराचे ठोके पडण्याच्या सुमारास तो आपले मृत्युपत्र लिहीत बसलेला दिसतो. गॅरी कूपर यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर विजिगीषेपेक्षा वेदनाच अधिक उमटते. भयाचा अभाव म्हणजे धैर्य नव्हे, हे या चेहऱ्याने जितके पटते तितके कोणत्याही संवादाने पटत नाही.

प्रतिनायकाची योजना याहूनही सूचक आहे. मिलर बराच वेळ पडद्यावर येतच नाही. न्यायालयात तो ज्या खुर्चीवर बसला होता ती रिकामी खुर्ची आणि क्षितिजाशी एकवटणारे लोहमार्गाचे दोन रूळ, एवढ्यावर त्याचे अस्तित्व सूचित होते. या रिक्ततेत जे लोक येऊन उभे राहतात ते गावचे प्रतिष्ठित नागरिक होत. न्यायाधीश भिंतीवरचा राष्ट्रध्वज आणि न्यायाचा तराजू उतरवून खोगिरावरच्या पिशवीत कोंबतो. महापौर चर्चमध्ये केनची मुक्तकंठाने स्तुती करतो आणि त्याच भाषणाच्या ओघात त्याने निघून जावे असे सुचवितो. हॉटेलच्या कारकुनाला मिलरच्या काळातील बरकत आठवते. यांपैकी कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकापाशी समंजस वाटावे असे कारण आहे. चित्रपटाचा खरा प्रतिनायक म्हणजे ही समंजस कारणांची बेरीज होय.

छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आकाश गडद करणारे फिल्टर वर्ज्य केले. मॅथ्यू ब्रेडी यांच्या यादवी युद्धकालीन छायाचित्रांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. परिणामी येथील आकाश पांढुरके, निर्विकार आणि आश्रयहीन भासते. घड्याळे पुनःपुन्हा दिसतात. प्रेक्षकाचा काळ आणि कथेचा काळ जवळजवळ एकरूप होतो. अखेरीस कॅमेरा वर वर जातो आणि ओसाड रस्त्यावर केन एका ठिपक्याएवढा उरतो. समूहाच्या पलायनाचे याहून बोलके चित्र दुर्मिळच.

या पलायनाला तत्कालीन इतिहासाचा संदर्भ आहे. पटकथाकार कार्ल फोरमन यांना सप्टेंबर १९५१ मध्ये, चित्रीकरण चालू असतानाच, अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. साम्यवादी सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांच्याशी असलेली त्यांची भागीदारी संपुष्टात आली, हॉलिवुडची दारे बंद झाली आणि ते इंग्लंडला गेले. मात्र चित्रपटाला केवळ या प्रसंगाचे रूपक मानणे म्हणजे त्याची व्याप्ती कमी करणे होय. १९८९ मध्ये पोलंडमधील ‘सॉलिडॅरिटी’ने निवडणुकीच्या भित्तिपत्रकावर साम्यवादी राजवटीविरुद्ध याच केनची आकृती वापरली. परस्परविरोधी पक्षांना एकच प्रतिमा आपली वाटावी, यातच तिचे सामर्थ्य आहे.

या चित्रपटावर एक गंभीर आक्षेप घेता येतो : तो सामान्य जनांविषयी तुच्छता शिकवितो काय? हॉवर्ड हॉक्स यांनी ‘रिओ ब्राव्हो’तून (१९५९) त्याला प्रत्युत्तर दिले. तेथे शेरिफ नवशिक्यांची मदत नाकारतो. तरीही एक मद्यपी, एक लंगडा वृद्ध आणि एक तरुण त्याच्या पाठीशी उभे राहतात. परंतु ‘हाय नून’मध्येही केन सर्वस्वी एकाकी नाही. हिंसेला धर्मतः विरोध करणारी त्याची क्वेकर पत्नी एमी हीच खिडकीतून गोळी झाडून त्याचा एक मारेकरी टिपते. तिला पतीच्या बाजूचे भान देणारी हेलन रामिरेझ ही त्या गावाने कधीच आपली न मानलेली मेक्सिकन स्त्री आहे. निष्ठा टिकते ती समाजाच्या काठावर. म्हणजे हे दोषारोपण जनसामान्यांवर नसून प्रतिष्ठेवर आहे.

शेवटी गाव लोटते तेव्हा केन छातीवरचा तारा काढून धुळीत टाकतो. हे चिन्ह जॉन कनिंगहॅम यांच्या ‘द टिन स्टार’ (१९४७) या मूळ कथेच्या शीर्षकातच होते. तो पत्र्याचा तारा ज्यांच्या नावे धारण करायचा ते नागरिकच माघारी फिरल्यावर त्याचा केवळ पत्रा उरतो. केन एक शब्दही न बोलता निघून जातो. मिलर मेला आहे, परंतु आपण वाचलो याचा आनंद मानण्याचा अधिकार गावाला उरलेला नाही.