यात्रेतल्या पाळण्याचं कुळ

जळगाव-धुळ्याकडच्या घरात मुलांना घेऊन थीम पार्कला जायचं ठरलं, की बेत आधी परीक्षांच्या वेळापत्रकावर बसतो आणि मग रेल्वेच्या आरक्षणावर. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ साली बंद पडलं; खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. दोन्ही ठिकाणं खान्देशापासून रात्रभराच्या अंतरावर. आजी-आजोबांना न्यायचं की नाही, धाकट्याला उंचीमुळे कशात बसू देतील, डबा आत नेता येईल का, अशा चर्चांत आठवडा जातो.

पण सगळ्या घरानं मिळून करमणुकीला बाहेर पडायची खान्देशातली रीत या पार्कांहून फार जुनी आहे, आणि तिचा बेत पंचांगावर ठरायचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा. ते गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असलं, तरी १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. बैलगाडीत अंथरूण-पांघरूण, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि मुलांना दिलेलं एक वचन: दर्शन झालं की पाळण्यात बसवू.

हा पाळणा आला कुठून? शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळतं, की फेरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १८९३ साली त्याचा शोध लावला. हे उत्तर चूक आहे, आणि ते बदलायला हवं.

फेरिसच्या पावणेतीनशे वर्षं आधी, १६१५ साली, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. रमजानच्या उत्सवात त्यानं असं एक मोठं चाक पाहिलं, स्वतः त्यात बसला आणि हरखून गेला. पुढं पाच वर्षांनी, १६२० साली, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं फिलिपोपोलिस, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात सणाच्या दिवशी तीन तऱ्हेचे झोके पाहिले. त्यातला एक उभ्या चाकाचा होता. चाकाच्या कडेला टांगलेल्या छोट्या बैठकांत मुलं बसलेली, आणि चाक कितीही वरखाली झालं तरी ती सरळच बसून राहतात, ही गोष्ट त्यानं नेमकी टिपली. त्यानं त्याचं चित्रही काढून ठेवलं. अशा पाळण्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक आहे.

खान्देशातल्या वाचकानं मंडीचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. पुढं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला आणि १६३० च्या हिवाळ्यात सुरतेहून आग्ऱ्याला निघाला. तो रस्ता नंदुरबारवरून, तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरला जात असे. १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ त्या वेळी गुजरात, खान्देश आणि दख्खन जाळत होता. वाटेवर मंडीला प्रेतं दिसली, अन्नासाठी वेडी झालेली माणसं दिसली. जत्रा-उत्सव पाहायला तो या मातीत आलाच नव्हता. पाळण्याच्या पहिल्या चित्रकारांपैकी एक आपल्या दारावरून गेला, तो आपल्या सर्वांत वाईट वर्षी. हे वाचलं की मन सुन्न होतं.

तेव्हा पाळणा कुणा एकाचा नाही. तो जिथं जिथं दिसतो तिथं सणाला चिकटून दिसतो, मग तो सण ईदचा असो की दत्तजयंतीचा. आपल्याकडचं त्याचं जुनं रूप हातानं फिरवायचं: दोन खांब, मधे आख, लाकडाच्या आडव्या-उभ्या तुळया आणि चार पाळणे. फिरवणारा माणूस वर चढून तुळईला लोंबकळायचा आणि स्वतःच्या वजनानं ती खाली आणायचा. लगेच खालून दुसरा पुढच्या पाळण्याला ढकलायचा. इंजिन माणसाच्या अंगातलंच.

त्यातली करामत साधी आणि फार सुंदर आहे. विहिरीवरच्या रहाटाला गाडगी पक्की बांधलेली असतात, म्हणून वर गेल्यावर ती उलटतात आणि पाणी सांडतं. तेच तर हवं असतं. पाळणा मात्र वरच्या दांडीला सैल अडकवलेला असतो. वजन खाली, टांगणी वर. त्यामुळे चाक कुठंही गेलं तरी बसणारा आभाळाकडे डोकं करूनच बसतो.

खान्देशात घराघरात झोक्याचं वेड होतंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला दोर बांधतात आणि गाणी म्हणत झोके घेतात. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. वर्षभर राबणाऱ्या लेकी आणि राबणारे गडी, दोघांना मोकळा मिळणारा हा दिवस. ज्या मुलखात आखाजीचा झोका आहे, तिथं यात्रेतला पाळणा परका वाटायचं कारणच नव्हतं.

मग फेरिसनं केलं काय? त्यानं पाळणा प्रचंड केला. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला उत्तर हवं होतं. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस हा पुलांच्या पोलादातला जाणकार. त्याचं चाक २६४ फूट उंच होतं. त्याला ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं. २१ जून १८९३ ला ते सुरू झालं. पन्नास सेंटांत दोन फेऱ्या. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले, तेव्हा हे चाक त्याच शहरात फिरत होतं. फेरिस १८९६ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. पुढं सेंट लुइसला हलवलेलं त्याचं चाक १९०६ साली तिथंच सुरुंग लावून पाडलं. त्याच साली इकडे खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार.

आपल्या यात्रेच्या दृष्टीनं फेरिसहून मोठा माणूस विल्यम सुलिव्हन. तोही पूल बांधणारा. शिकागोच्या चाकात बसून आल्यावर त्याच्या डोक्यात उलटा विचार आला: हे चाक सुटं करून गावोगाव नेता आलं पाहिजे. १९०० साली त्यानं तसं केलं. आज अमळनेरला ट्रकमधून उतरणारा लोखंडी पाळणा त्या विचाराच्या घराण्यातला आहे.

तो उभा राहताना एकदा तरी पाहावा. नदीच्या वाळूत पाया खचू नये म्हणून आधी लाकडी ओंडके पसरतात, पाणसळ लावून सपाटी बघतात. मग दोन बाजूंचे मनोरे, मधे आख, आखाला आरे, आऱ्यांना पाळणे. प्रत्येक जोडावर बोल्ट. माणसं भरतानाही पाळणेवाला ओळीनं भरत नाही. एक पाळणा भरला की समोरासमोरचा भरतो, नाहीतर चाक एका अंगाला ओढ खातं. कुठं भारी माणूस बसला, कुठं लेकुरवाळी बसली, हे तो नजरेनं तोलतो. हे ज्ञान कुठल्या पदविकेत शिकवत नाहीत, आणि ते राखणाऱ्यांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत.

थीम पार्कचा जन्म जत्रेतूनच झाला. मुली मेरी-गो-राउंडवर बसतात आणि बाप बाकावर बसून राहतो, हे वॉल्ट डिस्नेला खटकलं. आईबाप आणि मुलं मिळून रमतील अशी जागा म्हणून त्यानं १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. आता उलट पार्कातली यंत्रं यात्रेत आली आहेत: ब्रेक डान्स, टोराटोरा, कोलंबसची हेलकावणारी नाव. त्यांत तरुण पोरंच बसतात. आजी, सून आणि नातू एकत्र बसतात ते पाळण्यातच. डिस्नेनं जे शोधलं, ते बोरीच्या वाळवंटात होतंच, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सुट्टीचा बेत करताना पार्काबरोबर पंचांगही उघडा. मार्गशीर्षात सारंगखेडा, चैत्रात धुळे, वैशाखात अमळनेर. दुपार कलताना जा, म्हणजे गर्दीआधी मुलांना पाळण्याची रचना नीट दाखवता येईल. दांडी नीट लागल्याशिवाय बसू नका, वर गेल्यावर पोरांना उभं राहू देऊ नका, आणि उतरताना पाळणेवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: हा धंदा तुमच्या घरात कितव्या पिढीपासून आहे?