सहा-शून्याच्या आतले बाण

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. मला तो पाहून एकलव्य आठवतो. त्यानं दिलेला अंगठा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या सरावाच्या बाणांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

'तिरंदाज' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तीर म्हणजे बाण आणि अंदाज म्हणजे फेकणारा. मराठीत एकट्या 'अंदाज'चा अर्थ मात्र अदमास. तिरंदाजीतल्या गुणांचा इतिहास हा या अदमासाकडून नोंदीकडे झालेला प्रवास आहे.

या खेळाची जागतिक संघटना १९३१ साली स्थापन झाली. तिच्या पुढे रूढ झालेल्या मोठ्या फेरीत पुरुष ९०, ७०, ५० आणि ३० मीटरवरून एकूण १४४ बाण सोडत. कमाल गुण १४४०. ज्याची बेरीज मोठी, तो विजयी.

ऑलिंपिकच्या रिकर्व्ह प्रकारात आता ७० मीटरवरून आधी ७२ बाणांची क्रमवारी फेरी होते. तिथं बेरीजच चालते. पुढच्या वैयक्तिक लढतींत मात्र २०१० पासून सेट आले. सेट तीन बाणांचा. जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक. आधी सहा गुण मिळवील तो जिंकला.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचं उदाहरण घ्या. मजुरी करणाऱ्या आईबापांचा हा मुलगा २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेला. क्रमवारी फेरीत त्यानं ७२० पैकी ६५६ गुण मिळवले. भारतीय पुरुषांत तो पहिला आला. पहिली लढत त्यानं ६-० अशी जिंकली. पुढच्या लढतीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसननं त्याला ६-० असंच हरवलं. नुसतं ०-६ वाचलं तर वाटतं, पोराचा टिकावच लागला नाही. पण सेट बघा : २७-२८, २६-२७, २३-२६. पहिले दोन सेट एकेका गुणानं गेले. नऊ बाणांत मिळून फरक पाचच गुणांचा!

म्हणूनच गुण नोंदवणाऱ्या संगणक प्रणालीला आधी फेरीची घडण सांगावी लागते : अंतर किती, लक्ष्य केवढं, एका खेपेत बाण किती, आणि शेवटी बेरीज धरायची की सेट. मग प्रत्येक बाणाला स्वतंत्र घर. अगदी आतल्या वर्तुळातल्या बाणाला 'एक्स' लिहितात. त्याचे गुण दहाच, पण क्रमवारीत बरोबरी झाली तर आधी एकूण दहा आणि मग हे एक्स मोजले जातात. हुकलेला बाण 'एम', गुण शून्य. पण त्याचंही घर रिकामं राहत नाही. बाणांवरून बेरीज केव्हाही काढता येते; बेरजेवरून बाण परत मिळत नाहीत.

आज तालुक्यातालुक्यांत मुलं-मुली नेम धरायला शिकताहेत. त्यांच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती : वही असो की संगणक, निकालाबरोबर बाण न् बाण टिपून ठेवा. हरलेल्याची बाजू त्यातच असते.